मिशीआडचं बोलणं

टण्... स्टीलची वाटी फरशीवर पडली आणि गरगरत कपाटाखाली गेली.

त्याआधी सगळं शांत होतं. कानामागचं मशीन रात्रभर डबीत असायचं, त्यामुळे जाग आली तरी जयश्रीसाठी घर मुकंच. तिने मशीन कानात बसवलं आणि नेमकी तेव्हाच हिरूच्या हातून वाटी निसटली.

"पडली नाही, मी टाकून बघितली," सहा वर्षांची हिरू म्हणाली. "तुला आली ना ऐकू?"

"आली गं बाई, आली."

हिरूने धावत येऊन गळ्यात हात टाकले, गाल कानाला घासला, आणि मशीनने बारीक शिट्टी दिली – कुंईंई... कानाला कोणी बिलगलं की ते तसं वाजायचं. ती शिट्टी म्हणजे हिरूची खास मालकी. दुसरं कोणी आईच्या इतकं जवळ येतच नव्हतं.

हिरूच्या जन्मानंतर जयश्रीच्या कानांतले आवाज एकेक करून गेले होते. आधी पाखरं, मग कुकर, मग माणसं. नवरा वापीला कंपनीत होता. एकच गोष्ट दोनदा सांगायचा त्याला कंटाळा येऊ लागला, मग घरी यायचाच आला. रीतसर सोडचिठ्ठी झाली तेव्हा तो शेवटचं काय म्हणाला, तेही तिला नीट ऐकू आलं नाही. तिने परत विचारलंही नाही.

तेव्हापासून ती कासा गावच्या बाजारात शेठच्या बी-बियाणांच्या दुकानात उभी राहायची. मशीन असलं तरी हायवेच्या ट्रकांची घरघर माणसांच्या बोलण्यावर चढून बसायची. म्हणून ती ओठ वाचायची. गिऱ्हाइकाचं तोंड दिसलं की निम्मं काम झालं.

आणि श्रावणातल्या एका दुपारी असा चेहरा आला, ज्याला ओठच नव्हते.

म्हणजे असतील – पण दिसत नव्हते. काळीभोर झुपकेदार मिशी पार खालच्या ओठावर टेकलेली. सर आली म्हणून तो धावत पायरी चढला होता. केस निथळत होते, डोळे हसत होते. मिशी हलली. जयश्रीने मान हलवली. मिशी पुन्हा हलली. तिने अंदाजाने भोपळ्याच्या बियांचं पाकीट पुढे ठेवलं. त्याने पाकिटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं... आणि पाकीट घेऊन गेला.

तो सुदर्शन. सरावलीचा, चिकूची वाडी असलेला. मग तो दर बाजाराला येऊ लागला. दुधी झाला, पडवळ झालं, शिराळी झाली. येताना हिरूसाठी खिशात दोन पिकलेले चिकू. शाळा सुटली की ती काउंटरखाली गोणीवर बसून बियांची नक्षी मांडायची. चिकू दिसले की नक्षी मोडायची.

दुकानाच्या पायरीशी भाजी घेऊन बसणारी बुधी सगळं बघत असायची. तिचे ओठ जयश्रीला पाठ होते.

"डहाणूत बी मिळत नाय काय गं ह्याला? एवढं पेरायला अख्खा तालुका लागेल."

"मला काय ठाऊक?"

"तो बोलतो काय नि तू मान हलवतेस काय?"

जयश्री हसली. काय सांगणार? तो बोलायचा, मिशी हलायची, डोळे चमकायचे... आणि तिला एक अक्षर कळायचं नाही. तरी ती मान हलवायची. कळत नाही म्हटलं असतं, तर त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं असतं. दोनदा सांगण्याचा शेवट तिने पाहिला होता.

मग एक दिवस तो आला आणि त्याने बी मागितलंच नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकले, घसा खाकरला आणि काहीतरी विचारलं. थोडकंच. त्याचे डोळे उत्तराची वाट बघत होते – आणि ते असे होते की नुसती मान हलवणं म्हणजे फसवणूक झाली असती.

"मला... तुमचं बोलणं कळत नाही," जयश्री म्हणाली. "मला कमी ऐकू येतं. मी ओठ बघून समजून घेते. आणि तुमचं सगळं त्या मिशीत अडकतं. इतके दिवस मी नुसती हो-हो करतेय."

त्याने मिशीवर हात ठेवला. एकदम वळला आणि पायऱ्या उतरून गेला.

झालं, वापीसारखंच, असं म्हणत जयश्रीने पुढचा अख्खा आठवडा मन घट्ट केलं. घट्ट केलेलं मन दर गिऱ्हाइकागणिक पायरीकडे धावत होतं, ती गोष्ट वेगळी.

पुढच्या बाजाराला बाहेर गलका झाला. बुधी कपाळाला हात लावून उठली. "अरे देवा, गोपीनाथबाबा गेले गं."

पायरीवर सुदर्शन उभा होता. मिशी साफ. आणि बाप गेल्याशिवाय मिशी काढतो कोण? माणसं त्याचा हात धरून हळहळत होती, शेठनी हात जोडले होते. तो बिचारा "नाही हो, नाही" म्हणत होता, तर लोक म्हणत होते, "होतं असं, मन मानत नाही."

इतक्यात जीपमधून गोपीनाथबाबा स्वतःच उतरले. तशीच मिशी, फक्त पांढरी. ते तावातावाने काहीतरी बोलले आणि सगळा बाजार हसत सुटला. जयश्रीला काहीच कळलं नाही. तिने सुदर्शनकडे पाहिलं.

त्याचा वरचा ओठ उन्हातान्हात रापलेल्या चेहऱ्यावर कोवळा, गोरा दिसत होता. तो हळूच, स्वच्छ हलला.

"बाबा म्हणतात, ह्या गाढवाने मला जिवंतपणी मारलं. आणि म्हणतात, कोणासाठी काढली ती तरी दाखव."

जयश्रीला कळलं. एकूण एक शब्द कळला. तिचे कान गरम झाले.

गोपीनाथबाबांनी तिला न्याहाळलं, मिशीतच काही पुटपुटले आणि शेठबरोबर चहाला निघाले.

"आता काय म्हणाले?"

"म्हणाले, मिशी गेली पण डोळे शाबूत आहेत पोराचे."

"आणि पहिल्या दिवशी तुम्ही काय मागितलं होतं?"

"काही नाही. पाऊस थांबेपर्यंत उभा राहू का, विचारलं. तुम्ही भोपळा दिलात. मग नको कसं म्हणणार?" तो काउंटरशी आला. "गेल्या वेळचं परत विचारू?"

"विचारा."

"तुम्ही आणि हिरू... आमच्या वाडीवर राहायला याल? कायमच्या?"

ती त्या ओठांकडे बघत राहिली. मग अगदी साळसूदपणे म्हणाली, "काय म्हणालात? कळलं नाही."

त्याने परत सांगितलं. तितक्याच सावकाश, तितक्याच आनंदाने.

"अजून एकदा."

"ए बाबा, कळलंय तिला सगळं," पायरीवरून बुधी म्हणाली. "उगाच खेळवतेय तुला."

"खेळवू दे. दहादा सांगेन," सुदर्शन म्हणाला. मग बुधीला ऐकू जाऊ नये म्हणून काउंटरवरून वाकला, आणखी वाकला – त्याचा श्वास जयश्रीच्या गालाला लागला, आणि...

कुंईंई.

काउंटरखालून एक डोकं वर आलं. हातात अर्धा चिकू, तोंडभर रस. हिरूने आधी आईकडे पाहिलं, मग सुदर्शनकडे, मग पुन्हा आईकडे.

"आई, मी तर इथे खाली आहे. मग तुझं मशीन कशाला वाजलं?"