दाढेचा खड्डा

लोकांच्या तोंडात हात घालणं हे माझं रोजचं काम. मनीषनगरात माझा दातांचा दवाखाना आहे. पू, रक्त, कुजलेली मुळं, हिरडीखाली आंबलेलं अन्न... इतकं बघून झालं की किळस म्हणजे काय हेच माणूस विसरतो. मीही विसरले होते. मेच्या एका रविवारी, भर उन्हात, बाबांच्या शेतात ती परत आली. त्या दिवसापासून हातमोजे घालतानाही ती येते.

बाबांचं नाव देवराव. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच राहतात, पण जीव सगळा काटोल रोडच्या पलीकडच्या गावात. तिथल्या शेतात दोन खोल्या बांधायच्या हा त्यांचा ध्यास. कुंपणाची रेषा आखली, तर नेमका मध्ये एक दगड आला. माणसाएवढा उंच, काळा, थोडा कललेला. कुणी रोवला, कधी रोवला, गावात कुणालाच ठाऊक नाही.

मी फोटो काढून रितिकाला पाठवला. ती माझी मैत्रीण, कॉलेजात इतिहास शिकवते. तिचा लगेच फोन आला.

"अगं, हा मेनहिर आहे! शिलास्तंभ. हजारो वर्षांपूर्वीचा असेल. हात लावू नका त्याला, आधी पुरातत्त्व खात्याला कळवू."

"मेनहिर म्हणजे काय पण?"

"लांब दगड. बस, एवढाच अर्थ."

बाबांना सांगितलं तर ते हसले. "लांब दगड! आमी तं लहानपनापासून दाढ म्हनतो याले."

"दाढ? का?"

"म्हनतात म्हनून म्हनतो. तुले अरुंधती काहून म्हनतो?"

मी पुष्कळ अडवलं. "फेकून थोडीच राहिलो वं," ते म्हणाले, "फक्त बाजूले सरकवून राहिलो." आणि त्यांनी जेसीबीवाल्याला हात केला. प्रशिक त्याचं नाव, शेजारच्याच गावचा. मशीन त्याची स्वतःची.

जमीन उन्हानं भेगाळली होती. मशीनची बकेट लागली की नुसती धूळ उडायची. दगड हलेना. मग प्रशिकनं त्याला पुढे रेटलं, मागे रेटलं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. माझ्या मनगटाला ती हालचाल पाठ आहे. दात सैल करताना मी तेच करते.

मग एक आवाज आला. ओला, चिकट... चिखलातून पाय उपसावा तसा. पण चिखल होता कुठे?

दगड आडवा पडला. जमिनीतला त्याचा भाग पिवळट होता, बुळबुळीत, आणि खाली जाऊन दुभंगलेला. त्यामागून वास आला. प्रशिकनं नाकाला दुपट्टा लावला.

"मॅडम, खाली जनावर पुरलं असन कोनी."

जनावराचा वास नव्हता तो. दाढेच्या मुळाशी साचलेला पू फुटतो, तेव्हा खोलीभर जो गोडसर, सडका वास भरतो, तो होता.

मी खड्ड्यात डोकावले. आत माती नव्हती. भिंती करड्या-गुलाबी, मऊ, सुजलेल्या. त्यांच्यातून काहीतरी पाझरत तळाशी जमत होतं.

"पानी लागलं!" बाबा ओरडले. मी हात धरायच्या आत ते गुडघ्यावर बसले, ओंजळ भरली आणि प्याले.

"खारट हाये..." ते पुटपुटले. "पन कोमट काहून?"

त्यांच्या ओठापासून ओंजळीपर्यंत एक चिकट तार लोंबत होती. ती तुटत नव्हती.

मी गाडीमागे जाऊन ओकले. परत आले आणि प्रशिकला म्हणाले, "आत्ताच्या आत्ता तो दगड परत बसव." त्यानं उचलून आणला. बसेना. खड्ड्याचे काठ फुगून एकमेकांकडे सरकले होते. बकेटचा दात एका काठाला लागला, आणि तो काठ... आक्रसला. दुखरी जागा चोरावी तसा.

प्रशिकनं मशीन मागे घेतली. "मी नाई करत," एवढंच बोलला आणि निघून गेला.

घरी येईपर्यंत बाबा गाडीत जीभ घोळवत, काहीतरी चोखत बसले होते.

दोन-तीन दिवसांत त्यांचं जेवण सुटलं. उजवा गाल सुजला. त्यांच्या खोलीत तो वास यायला लागला, उशीला, टॉवेलला, पाण्याच्या तांब्याला. मी त्यांना दवाखान्यात नेऊन खुर्चीत बसवलं.

बाबांच्या तोंडात एकही दात नाही. दोन्ही कवळ्या मीच करून दिल्यात. खालची कवळी काढली. मागे, उजवीकडे, बोडक्या हिरडीतून काहीतरी काळं वर आलं होतं.

"हे कधीपासून आहे, बाबा?"

"काल रात्री नोयतं. आज सकायी जिभेले लागलं."

मी दात तपासायची बारीक सळई टेकवली. खर्र झालं. दाताचा आवाज तसा नसतो.

इंजेक्शन दिलं. चिमटा लावला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. तोच ओला आवाज आला, या वेळी माझ्या हाताखाली, माझ्या वडिलांच्या जबड्यातून. हातमोज्यावर कोमट, चिकट काहीतरी ओघळलं. श्वास रोखून मी ते ओढून काढलं. काळा दगड. खाली दोन मुळं.

बाबांनी चूळ भरली, गाल चोळला. "आता बरं वाटून राहिलं वं. भूक लागली."

ते बाहेर जाऊन बसले. मी तो दगड नळाखाली धुतला आणि दिव्याखाली धरला. नव्यानं आलेल्या दाढेवर टोकं असतात, धारदार. चावून चावून ती झिजायला अर्धं आयुष्य जातं.

ही वरून पार झिजून सपाट झाली होती.