बरणीतली माहेरवाशीण

"सांगतो, पण विश्वास ठेवू नका. आजवर कुणी ठेवलेला नाही," माळढोक केंद्राचे राखणदार गुंडूतात्या पाहुण्यांना म्हणाले. "ही लेक दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईच्या हाकेवर वाढलीय."

कुंपणापलीकडे माळढोकाची तरणी मादी ऐटीत टोळ टिपत होती. पाहुणे हसले. मागे उभ्या असलेल्या केंद्राच्या डॉक्टर रुखसाना मुजावर मात्र हसल्या नाहीत. इथवर सगळं खरं होतं.

सोलापूरकडच्या माळावरचं ते शेवटचं अंडं. उबवणी-पेटीत पिल्लू निघालं, पण चोच उघडेना. आईच्या हाकेशिवाय ते खाईना, आणि आया उरल्याच नव्हत्या. त्यांची हाक कुणी ध्वनिमुद्रितही केली नव्हती.

"मग डॉक्टरीणबाईंनी विलायतेच्या संग्रहालयातून बरणी मागवली. याच माळावर एका साहेबानं टिपलेली मादी. पेंढा भरायचा कंटाळा आला असेल, अख्खी दारूत बुडवलेली. इतकी वर्षं दारूत, पण चेहऱ्यावर काय सोज्वळपणा!"

रुखसानांनी बरणी न उघडता क्ष-किरणांनी मादीचा गळा आतून मोजला. श्वासनळीच्या बुडाशी असलेली स्वरपेटी मऊ रबरात जशीच्या तशी छापून घेतली आणि पक्ष्याच्या श्वासाइतकी हवा तिच्यातून सोडली. खालच्या पट्टीतली, घोगरी हाक उमटली. निपचित पडलेल्या पिल्लानं मान उचलली, आणि तात्यांच्या चिमट्यातला टोळ गिळला.

"आमच्या हिनं लगेच बरणीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. म्हणाली, लेक माहेरी आलीय, रिकामी कशी धाडायची? विलायतेतले साहेब अजून बरणीचं हळदकुंकू पुसतायत!"

एक मावशी पदरानं डोळे टिपू लागल्या. तात्यांना चेव चढला.

"निरोप देताना मी हात जोडले. म्हटलं, 'बये, तुझे उपकार फिटायचे नाहीत. पण त्या साहेबाला माफ केलंस का? त्यानं मारलं नसतं, तर आज तुझी हाक कुठून मिळाली असती?' तर त्या रबरी गळ्यातून स्पष्ट आवाज आला, 'केलं!' देवाशपथ!"

"खोटं, तात्या!" मागून रुखसाना म्हणाल्या. "त्या गळ्याला पिल्लाला हाक मारण्यापलीकडं काही येत नाही. आणि गोळी लागली तेव्हा तिचंही पिल्लू इथंच गवतात असेल, तर त्याला कुणी हाक मारली?"