चंद्राच्या दगडाची तहान

दगड कापणं हे काही जगावेगळं काम नाही हो. माझा नवरा वाळवंटातून उल्का वेचून आणतो, मी मागच्या खोलीत करवतीवर त्यांचे काप पाडते आणि प्रयोगशाळेला पाठवते. त्या दुपारीही तेवढंच करायचं होतं.

तो दगड मात्र चंद्रावरून निखळून पडलेला होता. वरून जळकी काळी साल, आत करड्या चुऱ्यात रुतलेले अनॉर्थाइट खनिजाचे पांढरे खडे, कुठे हिरवट ऑलिव्हिनचा कण. असल्या दगडात पाण्याचा अंशही नसतो. म्हणून आम्ही तो कापताना पात्यावर स्पिरिट सोडतो, पाणी कधीच नाही. पण स्पिरिट संपलं होतं, बाहेर वाळूचं वादळ, आणि मी मुळात उतावळी. म्हटलं, पाण्याने काय आभाळ कोसळणार आहे? ओतलं भांडंभर!

खालच्या ट्रेमध्ये एक थेंब पडला नाही. दुसरं भांडं ओतलं, तेही गडप. नुसता आवाज... सूं... सूं... दातांतून ओढून प्यावं तसा. पाणी थांबवलं तरी तो थांबेना.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून नवऱ्याची हाक आली.

"ए... पाणी दे गं."

"हात मोडलेत का तुझे?" मी ओरडले.

एरवी त्याने सव्याज परत केलं असतं. आज पुन्हा नुसतं "पाणी..." आलं, म्हणून गेले.

सकाळचा धडधाकट माणूस, आणि आता ओठ फाटलेले, गाल आत गेलेले. मी पाजत होते, तो पीत होता, तरी जीभ कोरडी ठक्क. तो रडायला लागला, पण डोळ्यांत टिपूस नाही. आणि मागे ते... सूं... सूं...

दगड आता माझ्या नवऱ्याला पीत होता.

धावत जाऊन तो दगड वाळवायच्या भट्टीत टाकला, वाफेची नळी लावली, आच वाढवली. "सोड त्याला, मेल्या! सोड!" हळूहळू नळी ठिबकू लागली. वाटी भरली. चाखून पाहिलं... कोमट, खारट, घामासारखं.

विचार करायला वेळ कुठे होता? त्याला धाप लागली होती. चमच्याचमच्याने पाजलं. ओठ ओलावले, गाल भरले. कपाळावर घाम फुटला तेव्हा मी त्याला मिठी मारून हमसून रडले.

त्याने अलगद माझे हात सोडवले आणि अवघडून, सावरून बसला.

"ताई, फार उपकार झाले," तो म्हणाला. आवाज त्याचाच. "आता तेवढा माझ्या बायकोला निरोप धाडा... फार वर्षं वाट बघत असेल ती."

नळी अजून ठिबकतेच आहे; त्या दगडाने आधी किती जणांना पिऊन टाकलंय, कोण जाणे. मी रोज एक वाटी पाजते, आणि रोज तो कुठल्यातरी नव्याच बायकोची चौकशी करतो. माझी अजून केलेली नाही.