पिवळा बिल्ला

फ्रिस्को शहराच्या उत्तरेला, जिथे वस्ती संपून कुरणे सुरू होतात, तिथे चंद्रशेखरपंत लेकीच्या रँचवर राहायला आले, तेव्हा गवत कमरेएवढे उंच होते. आयटीतली नोकरी सोडून आश्लेषाने मांसासाठी गुरे पाळावीत, हे त्यांच्या माळकरी मनाला सोसवत नव्हते. पण लेक आणि लहानगी नात आन्या यांच्यापलीकडे त्यांचे जगात कोणी उरले नव्हते. त्यांनी विठ्ठलावर भार टाकला आणि पूजेनंतर गोग्रास घालण्याचा नेम तेवढा चालू ठेवला.

कुंपणाशी रोज एक तांबडी कालवड येई. तिच्या कानात पिवळा बिल्ला होता. हळदीचा रंग, पंतांना तो शुभ वाटला. तिच्या कपाळी कुंकू लावून ते पोळीचा घास पुढे करीत, आणि ती खरखरीत, ऊन जिभेने त्यांचा तळहात पुसून घेई.

पिवळा बिल्ला म्हणजे यंदा कापायला जाणारे जनावर, हे त्यांना कळले ते गवत वाळल्यावर, ट्रेलर तिला घेऊन गेला त्या दिवशी.

तरीही नेम सुटला नाही. पोळी ते कुंपणाच्या खांबावर ठेवू लागले. दुसऱ्या दिवशी पोळी तिथे नसे. आणि खाली दवात एकही खूर उमटलेला नसे.

एके सकाळी आश्लेषाने पाहिलेच. "बाबा, पोळी बंद! माझी गुरं फक्त गवतावर वाढतात. धान्याचा कण नाही, असा कस्टमरला शब्द देते मी. तुम्ही माझा धंदा बुडवणार!"

"अगं, नेमाचा घास तो..."

"मग देवाला वाढा. तो कुठे ग्रासफेड आहे?"

पंतांना हसू आले. पोळी त्यांनी परत आणली.

त्याच दुपारी धुके उतरले. व्हरांड्यात माळ ओढता ओढता पंतांनी मान वर केली, तर आन्याचा झोका रिकामाच हलत होता.

आश्लेषा पिकअप घेऊन तळ्याकडे धावली, पंत कुंपणाकडे. तिथले कुरण सकाळीच रिकामे केलेले, गुरे दूर पलीकडे. तरी धुक्यात कोणीतरी संथपणे रवंथ करीत होते.

"आन्या...?"

"इकडे, आजोबा..."

ती खांबाशी उभी होती, तारेपलीकडे हात धरून. तळहात ओलाचिंब.

"कोण आहे गं तिथे...?"

"ती हंग्री आहे, आजोबा. माझ्याकडे पोळी नव्हती... मग तिनं मलाच हे दिलं."

तिच्या दुसऱ्या मुठीत पिवळा बिल्ला होता. त्यावर वाळलेले कुंकू.

पंतांनी पोरीला पाठीशी घातले, बिल्ला काढून घेतला आणि आपल्या बंडीच्या खिशात टाकला.

"या पोरीचं नाही हं हे," ते धुक्याकडे पाहून पुटपुटले. "नेम मी मोडला. हे माझं..."

रवंथ थांबले. एक ऊन श्वास त्यांच्या कानाशी आला, घुटमळला, आणि निघून गेला.

तिन्हीसांजेला आरती झाली. आन्या झांज वाजवीत होती. निरांजन वडिलांपुढे धरताना आश्लेषा थबकली.

"बाबा... कानाला काय झालं?"

पंतांनी हात लावून पाहिले. कान त्यांचे लहानपणीच टोचलेले, पाळीत. हे भोक कानाच्या मधोमध होते. करंगळी जाईल एवढे, कडा गुळगुळीत, रक्ताचा थेंब नाही.

त्यांनी खिसा चाचपला.

बिल्ला अजून तिथेच होता.