तळेघरचं खातं

घोडेगावच्या पंचायत समितीच्या दारात हर्षाली छत्री मिटवत होती, आणि छत्रीचं सगळं पाणी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर ओघळत होतं. तिच्या ध्यानात आलं तशी ती ओशाळली.

"असू द्या," तो म्हणाला. "तळेघरहून आलोय... आधीच भिजलोय."

एसटी आलीच नव्हती, म्हणून सुदर्शन निम्मी वाट पायी उतरला होता. तो तळेघर ग्रामपंचायतीचा संगणक ऑपरेटर, ती तालुक्याची. आदल्या पावसाळ्यात कुठल्याशा परक्या कंपनीनं आपल्या ॲपवरचं तळेघरचं सूचनांचं पान न सांगता बंद केलं होतं, ते नेमकं दरडींच्या दिवसांत. म्हणून तालुक्यानं आता स्वतःचा सर्व्हर उभा केला होता. प्रत्येक गावाचं खातं आपल्याच यंत्रावर असणार, तरी जुन्नरच्या किंवा पुण्याच्या अशाच सर्व्हरवरच्या लोकांना ते वाचता येणार, असं हर्षाली त्या दिवशी सगळ्या ऑपरेटरांना समजावत होती.

मागच्या बाकावरून सुदर्शननं विचारलं, "आन् तुमीच बंद केलं तर?"

"तर येऊन भांडा माझ्याशी."

"लई लांब पडतं," तो म्हणाला. "पण येईन."

आणि तो येत राहिला. कधी फोटो चढत नाही म्हणून, कधी पासवर्ड विसरला म्हणून... तिसऱ्यांदा आला तेव्हा तिनं हसू दाबत विचारलं, की पासवर्ड खरंच विसरता का? त्यानं फडक्यात बांधलेल्या नाचणीच्या भाकरी टेबलावर ठेवल्या.

"न्हाई," तो म्हणाला.

हर्षाली सकाळी कार्यालयात आली की आधी तळेघरचं खातं उघडायची. कुठला ओढा चढला, कुठली वाट खचली, एवढंच तो लिहायचा. तरी ती ते दोनदा वाचायची. श्रावणात एकदा त्यानं लिहिलं, की वरच्या वस्तीमागं डोंगराला भेग पडलीय, माणसं शाळेत हलवतोय. तिनं ते तालुकाभर पोचवलं, गाड्या मागवल्या. दुपारी दरड आली. घरं गेली, माणसं वाचली.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली. ओढा ओलांडताना त्यानं तिचा हात धरला, आणि ओढा मागं पडला तरी दोघांनाही हात सोडायचं सुचलं नाही.

दिवाळीनंतर पिंपळवंडीला तिचे वडील, भगवंत, आजारी पडले. मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही पुण्यात, आणि घरात तिच्याशिवाय दुसरं कोणी नाही. त्याच सुमारास जिल्हा परिषदेनं तिला पुण्याला नोकरीवर बोलावलं. असे सर्व्हर सगळ्या तालुक्यांत करायचे होते. तिनं सुदर्शनसाठीही शब्द टाकला आणि साहेब हो म्हणाले. ती बातमी घेऊन ती तळेघरला जवळजवळ धावतच आली.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूहळू सांगितलं, की खातं कुठूनही चालवता येईल, पण भर पावसात डोंगर बघायला कुणीतरी इथं लागतं. त्याची चुलती अशाच दरडीखाली गेली होती. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या कुणाला शिकवा, ती म्हणाली. दोघांना शिकवलं होतं त्यानं. दोघंही चाकणला कंपनीत लागले.

भात कापलेल्या खाचरांवर ऊन उतरत होतं.

"तू मला राहा म्हणत नाहीस," हर्षाली म्हणाली. त्याला तू म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

"तुझं वडील हायेत. कसं म्हनू?"

"मग दुसरं काही तरी म्हण..."

तो खाली बघत राहिला. "आवडतेस मला," तो म्हणाला. "पयल्या दिवसापासून. तू गेलीस तरी त्यात फरक पडायचा न्हाई."

"मलाही," ती म्हणाली.

एसटी आली. ती चढली, खिडकीपाशी बसली. तो धुरळ्यात उभा होता, हात वर न करता. वळणावर तो दिसेनासा झाला, तरी ती मागंच बघत राहिली.

कंडक्टरनं येऊन विचारलं, कुठं? तिनं पुणं सांगितलं.

"किती?"

तिनं डोळे पुसले.

"एक," ती म्हणाली.