भुईमुगाला गोलची जाळी

"जाळी गेली कुठं?" पवन ओरडला. "उद्या चाचणी अन् गोलले जाळीच नाही!"

ऐन उन्हाळी सुट्टीत शेलूबाजारच्या मैदानावर हाहाकार उडाला होता. परदेशी फुटबॉल संघटनेच्या मदतीने चालणाऱ्या राष्ट्रीय निवासी प्रशिक्षण केंद्राच्या मॅडम उद्या गोलकीपर इकराची शेवटची चाचणी घ्यायला येणार होत्या. केंद्राने पाठवलेलं जाळीचं गाठोडं जीपवाल्याने फाट्यावर उतरवलं होतं. शाळेत मात्र ते पोचलंच नाही. गोलच्या मागे लगेच हायवे! जाळीशिवाय चाचणी होणार नाही, असं मॅडमनी फोनवर बजावलं होतं.

वैभवी मात्र खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होती. तिला जाळी कुठे आहे ते ठाऊक होतं! सकाळी जानरावकाकांचा डबा घेऊन ती शेतात गेली, तेव्हा भुईमुगाभोवती नवीकोरी पांढरी जाळी ताणलेली तिने पाहिली होती.

मग ती बोलली का नाही? कारण तिचा नुसता जळफळाट होत होता. वैभवी गोल मारणारी, इकरा अडवणारी. दोघी एकाच मैदानाच्या धुळीत लोळलेल्या. पण वाशिमच्या शिबिरात निवड झाली एकट्या इकराची! तेव्हापासून वैभवीची आईसुद्धा "इकराले पाह्य, कशी उडी मारते!" म्हणायची. आणि ते केंद्राने दिलेले हिरवे हातमोजे! ते घालून इकरा पाणीसुद्धा प्यायची. राहू दे तिला घरीच, असं वैभवीला अगदी मनापासून वाटत होतं.

"बिचारी इकरा!" प्रज्वल हळहळला. "जाळी असती तर गेलीच असती."

वैभवी ताडकन उठली. म्हणजे आता जन्मभर हेच ऐकायचं? त्यापेक्षा जाळी लावावी आणि सगळ्या गावासमोर तिला गोल मारून दाखवावा!

"चला! जाळी आमच्या वावरात हाय."

"तुले माहीत होतं?" इकराने डोळे बारीक केले. "मंग सांगितलं काहून नाही?"

"आता सांगून राह्यली ना!"

जानरावकाका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जेवत बसले होते. "फुटबॉलले जाळी? मासे पकडता काय?" ते हसले. "कृषीवाले रानडुकरांसाठी जाळी देणार होते, थेच हाय हे. फाट्यावर पडलं होतं, आणलं उचलून. आता एक डुक्कर येऊन दाखवो!"

पवनने वैभवीला डोळा मारला आणि काकांचं कुत्र्याचं पिल्लू उचलून जाळीबाहेर ठेवलं. वैभवीने भाकरीचा तुकडा आत भुईमुगात टाकला. पिल्लू जाळीच्या चौकोनातून आरपार!

"काका, डुकराचं पिल्लूबी एवढंच असते नं?" वैभवीने भोळा चेहरा केला. "थे आत गेलं का त्याची माय जाळी फाडून मागं येते."

काकांचा घास हातातच राहिला. "मंग पाह्यता काय? काढा हे! घरून जुन्या साड्या आणा!"

आजूबाजूच्या वावरांना डुकरं बुजावीत म्हणून असतात तशा रंगीत साड्या पोरांनी भराभर बांधल्या आणि जाळी घेऊन धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी सारं गाव मैदानावर लोटलं. "हिच्या गोलवर चेंडू मारणार कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी!" वैभवीचा हात सगळ्यांच्या आधी वर!

साठलेला सगळा राग तिने पायात आणला. पहिलाच चेंडू वरच्या कोपऱ्यात घुसला आणि जाळी थरथरली. पुढचा मात्र इकराने झेप घेऊन अडवला. त्याच्या पुढचाही! वैभवीचे डोळे भरून आले, तरी ती मारत राहिली आणि इकरा अडवत राहिली.

मॅडमनी इकराची निवड जाहीर केली. मग त्या वैभवीकडे वळल्या. "इतकं चिडून कुणी मारलं नसतं, तर हिची पारख झाली नसती. शाब्बास!"

"माही पुतणी हाय!" जानरावकाका मिशीवर हात फिरवत म्हणाले. "अन् जाळी म्याच सांभाळून ठेवली होती!" सगळे खो खो हसले.

गळ्यात हार, हातात पेढा, तरी इकरा फुरंगटलेलीच. ती सरळ वैभवीजवळ आली. "तो पयला कसा मारला तू? मले दिसलाच नाही. सांग ना, नाहीतर तिकडं मले झोप येणार नाही."

वैभवीने तिच्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं. इकराला हेवा वाटत होता! चक्क तिचा! कितीतरी दिवसांनी वैभवीच्या पोटात गारगार वाटलं.

"नाही सांगत, जा!" ती ऐटीत म्हणाली.