वैऱ्यासाठी प्रार्थना

"कुणाला वाचव म्हणालीस?" असं ओरडत धाकट्या दिराने ताट भिंतीवर भिरकावलं!

जेवणाआधी मोठ्याने प्रार्थना करायची आणि तीत वैऱ्यासाठीही दोन शब्द मागायचे, ही तिच्या नवऱ्याने घरात घालून दिलेली रीत. तो सीमेवर मारला गेला, तरी तिने ती मोडली नव्हती. पण आज वेडीने कमालच केली... शत्रूचा जखमी सैनिक, ती परिचारिका होती त्या वॉर्डात, सात नंबरच्या खाटेवर आहे, ही इस्पितळाने जिवापाड लपवलेली गोष्ट तिने देवाबरोबर दिरालाही सांगून टाकली!

"दादाला मारणाऱ्यांची सेवा करतेस? या देशाचं मीठ खातेस ना तू, वहिनी?"

त्याने तिला असं ढकललं की तिचं कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर फुटलं. सासूबाई मध्ये पडेपर्यंत तो गॅरेजमधल्या सोबत्यांना गोळा करायला निघालाही होता.

रक्त बाहीला पुसत ती धावत सुटली, मागच्या जिन्याने वॉर्डापाशी पोहोचली आणि दार बाहेरून ओढून घेऊन कडी घट्ट धरून उभी राहिली. समोरच्या जिन्याने जमाव चढत होता. सगळ्यांत पुढे दीर, हातात लोखंडी पाना!

"हट, देशद्रोही!" कुणाची तरी सळई खांद्यावर बसली. हाड कडकन मोडलं... दुसरा घाव गुडघ्यावर आला. तिने कडी सोडली नाही.

"मारा!" ती किंचाळली. "ख्रिस्ताने मला वैऱ्यावर प्रेम करायला सांगितलं, देश सोडायला नाही! माझं माणूस या देशासाठी गेलं... आणि तुम्ही खाटेवरच्या जखमीला ठेचून त्याच देशाला खुनी ठरवणार? मी जिवंत असेपर्यंत नाही!"

सळई पुन्हा उगारली गेली. तिने डोळे मिटले. घाव पडल्याचा आवाज झाला... पण तो तिला लागलाच नाही! दिराने तिला छातीशी झाकून घेतलं होतं, आणि त्याचा हात मनगटातून लोंबत होता.

"माझ्या वहिनीला हात लावाल तर जीव घेईन एकेकाचा!" तो आपल्याच सोबत्यांवर गरजला. शिव्या देत, कुरकुरत ते खाली उतरले.

"वहिनी, मला क्षमा कर..."

"आधी आत चला, भाऊजी. हात बांधायला हवा."

आत मोकळी खाट एकच होती, सात नंबरच्या शेजारची. दार फोडणार या धास्तीने चादर हनुवटीपर्यंत ओढून थरथरणाऱ्या त्या सैनिकाकडे दीर बघतच राहिला.

"वहिनी..." तो पुटपुटला. "याला तर अजून मिसरूडही फुटलेलं नाही गं!"

आणि इतका मार खाऊनही डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती, मोडका खांदा धरून ढसाढसा रडू लागली.